कोणाकडे आले, काकाजी?

मे महिन्यातला रविवार, संध्याकाळचे सव्वासहा. नागपुरात सदरमधल्या एका शाळेच्या फाटकासमोर स्कूटर लावून मी दहा मिनिटं नुसताच उभा होतो. ऊन उतरलं होतं, तरी डांबराची धग चपलेतून वर येत होती. डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडला, घाम पुसला, परत बांधला. आत कडुनिंबाखाली चौकीदार खुर्ची टाकून बसला होता, शेजारच्या माठावर जर्मनचा पेला उपडा घातलेला. शेवटी त्यानेच विचारलं, "कोणाकडे आले, काकाजी?" मी म्हणालो, "आज पालकसभा आहे ना इथे?" तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "शाळेले सुट्ट्या लागल्या ना, काकाजी. पालकसभा कायची?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मीटिंगले आले असान तं मांगच्या जिन्यानं वर जा. पयला माळा." मी घाईघाईने म्हटलं, "नाही नाही, माझीच गल्लत झाली." स्कूटर वळवली आणि निघालो. एलआयसी चौक मागे पडला तरी कान तापलेलेच होते.

मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत टेबल सांभाळलं, कुणाच्या पाच पैशाला मिंधा झालो नाही. मग त्या चौकीदाराला, ज्याचं माझ्याशी काही घेणं नाही, साधं 'हो, मीटिंगलाच आलोय' म्हणायला मला काय झालं होतं? हा प्रश्न आठवडाभर माझ्यासोबत जेवायला बसला, झोपायला आला.

प्रश्न माझ्या मोठ्या मुलाचा. त्याचं नाव लिहीत नाही, माझंही लिहिणार नाही. आधी लाजेखातर लिहिलं नसतं. आता त्या खोलीचा तसा रिवाज आहे म्हणून लिहीत नाही.

पिणं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही, पण घराने ऐकायला कधी सुरुवात केली ते सांगता येतं. अंगणात शहाबादी फरशी आहे. पोरगा कामावरून नीट आला की मोटरसायकलचं स्टँड एकदाच वाजायचं, ठक्कन. पिऊन आला की ते फरशीवर घासायचं, निसटायचं, परत घासायचं. तीनदा, चारदा. सूनबाई पोळ्या लाटता लाटता थांबायची, ही देवघरातला दिवा उगीच सारखा करायची, आणि सहा वर्षांची नात रंगीत खडू गोळा करून आतल्या खोलीत निघून जायची. कुणी कुणाला काही बोलत नसे. मग तो सोफ्यावर आडवा व्हायचा आणि रात्री उठून मी त्याच्या अंगावर चादर घालायचो. कूलरच्या वाऱ्यात पोर गारठू नये, एवढंच माझ्या मनात असायचं. मराठीत त्याच कृतीला आणखी एक अर्थ आहे, हे मला फार उशिरा उमगलं. पांघरूण मी रात्री घालायचो आणि सकाळी दहा वाजताही घालायचो. बुटीबोरीला त्याची कंपनी, शिफ्टचं काम. सुपरवायझरचा फोन यायचा आणि मी सांगायचो, व्हायरल झालाय. त्याच्या आईचं बीपी वाढलंय. एकदा तर माझा सख्खा मेहुणा वारला असं सांगून बसलो. पुढच्याच महिन्यात एका लग्नात तो मेहुणा माझ्या ताटात आग्रहाने आणखी एक पुरणपोळी वाढत होता आणि मला घास गिळवत नव्हता. हळूहळू सुपरवायझरने पोराला फोन करणंच सोडलं. तो थेट माझ्याच मोबाइलवर फोन करायला लागला.

उपाय सगळे केले. देवाच्या शपथा घातल्या, आईच्या गळ्याची शपथ घातली, पगार सूनबाईच्या खात्यात वळवला. भिंतीवर जाहिरात असते ना, 'न सांगता दारू सोडवा', तशी एक पुडी मी आणली आणि पाच दिवस त्याच्या वरणात कालवली. तिसऱ्या दिवशी त्याचं तोंड लालबुंद झालं, ओकून ओकून अर्धा झाला, छातीत धडधडतंय म्हणाला. तरीही मी पुढचे दोन दिवस पुडी देतच राहिलो, कारण मला वाटलं गुण येतोय. हे लिहिताना हात जड होतो. पुढे डॉक्टरांनी समजावलं की असल्या पुड्यांमध्ये कधीकधी डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू गेली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावूही शकतो, म्हणून ते रुग्णाच्या संमतीशिवाय आणि देखरेखीशिवाय देतच नाहीत. पोटच्या पोराच्या ताटात मी काय वाढत होतो!

डॉक्टरांपर्यंत पोचलो तेही वेगळ्याच चुकीमुळे. एप्रिलमध्ये आम्ही त्याला घरातच कोंडलं. चार दिवस मिळाली नाही की सुटेल, असा साधा हिशोब. पहिल्या रात्री हात थरथरायला लागले, कपडे घामाने भिजले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला फिट आली. मी दार उघडलं तेव्हा तो कपाटाच्या कोपऱ्याला डोकं आपटत जमिनीवर थरथरत होता. दवाखान्यात कळलं की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रमही होतो, भिंतीवर किडे दिसायला लागतात. म्हणून हे सोडवणं डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधं आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन करायचं असतं. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर म्हणाले की अंगातली दारू आम्ही उतरवली, मनातली उतरवायला आमच्याकडे गोळी नाही. औषधाच्या चिठ्ठीच्या मागे त्यांनी एक पत्ता लिहून दिला: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, रविवार, साडेसहा. म्हणजे नाव गुप्त ठेवून दारू सोडणाऱ्यांची बैठक.

मुलाने चिठ्ठी बघितली आणि भिंतीकडे तोंड केलं. "मी काय बेवडा आहे का, बाबा?"

म्हणून मी एकटा निघालो होतो. आधी आपण बघून येऊ, चांगली माणसं असतील तर त्याला नेऊ, असा बापाचा विचार. जागा सापडायला वेळ लागला. चिठ्ठीवरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे कुलूप. मीटिंग तिथून हलून बराच काळ झाला होता. या गटांना स्वतःची इमारत नसते. चर्चचा हॉल, शाळेचा वर्ग, कुणी तासाभरासाठी देईल ती खोली. बाहेर पाटीही नसते. कुणाला विचारायचं म्हटलं तर शब्द उच्चारावा लागतो. पानठेल्यावर जाऊन 'भाऊ, दारूचं दुकान कुठे' असं कोणीही बिनधास्त विचारतो, आणि चार जण हात करून रस्ता दाखवतात. दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही. दोन चौक फिरून मी तसाच परतलो. नवी जागा कळली ती डॉक्टरांच्याच कंपाउंडरकडून, आणि तिथे काय झालं ते वर सांगितलंच.

पळून आल्यानंतरच्या शुक्रवारी मी गच्चीवर जाऊन त्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे एक खर्जातला, सावकाश आवाज होता. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी म्हणालो, "मुलासाठी विचारायचं होतं." तो म्हणाला, "त्याला यायचंय, की तुम्हाला त्याला आणायचंय?" मी गप्प. खाली रस्त्यावरून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला, तो पार वळणापर्यंत जाईस्तोवर त्या माणसाने वाट बघितली. मग म्हणाला, "तो नाही आला तरी तुम्ही या. या रविवारी ओपन मीटिंग आहे, घरच्यांना बसता येतं. तुम्हीसुद्धा खूप दिवसांत झोपला नाहीत, आवाजावरून कळतं."

दुसऱ्या रविवारी चौकीदाराने काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. मागच्या जिन्याने वर गेलो.

तिसरीचा वर्ग होता. बेंच इतके बुटके की गुडघे फळीला टेकत होते. फळ्यावर सुट्टीपूर्वीची तारीख तशीच होती आणि कोपऱ्यात पटसंख्या. खिळ्याला दोन कापडी फलक अडकवलेले, हिंदीत दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या आणि गट चालवण्याच्या बारा परंपरा. पंख्याचं एक पातं लचकत होतं. वीसेक माणसं असतील. इस्त्रीचा शर्ट घातलेले, रंगाचे डाग पडलेली पँट घातलेले, दोन बायका, एक पोरसवदा मुलगा ज्याचे पाय सतत हलत होते. माझ्या ओळखीचाही एक चेहरा दिसला. त्याने मान हलवली, मी हलवली. ती ओळख तेवढीच राहिली आणि ते किती बरं वाटलं. मग एकेक जण उभा राहून नाव सांगायचा आणि लगेच म्हणायचा, मी अल्कोहोलिक आहे. ज्या शब्दासाठी मी मेहुण्याला मारलं होतं, तो शब्द ही माणसं आपल्या नावामागोमाग, आडनावासारखा सांगत होती. कोणी मधे बोलत नव्हतं, सल्ला देत नव्हतं, 'असं करायला हवं होतं' म्हणत नव्हतं. बोलणं संपलं की 'थँक यू', की पुढचा. शेवटी एक डबा फिरला. बाहेरून देणगी घेत नाहीत, जागेचं भाडं आणि चहाचा खर्च आपापसातच काढतात. माझ्यापाशी आल्यावर डबा धरणाऱ्याने तो हलकेच पुढे नेला. पाहुण्यांनी टाकायचं नसतं म्हणे.

तिथली एक गोष्ट लिहितो. ज्याची आहे त्याला विचारून लिहितो, कारण खोलीतलं खोलीत ठेवायचं असतं. उत्तर नागपुरातले गृहस्थ, पन्नाशीचे. लहानपणापासून घरात रोज बुद्धवंदना. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये याच शहरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात 'मी दारू पिणार नाही' हीही आहे, आणि पंचशीलातलं पाचवं शील तेच सांगतं. हे गृहस्थ विहारात सगळ्यांबरोबर उभे राहायचे. चार शीलं मोठ्याने म्हणायचे. 'सुरामेरय' आलं की आवाज बंद, नुसते ओठ हलवायचे. शेजारी उभ्या असलेल्या आईला कळत असेल का, एवढीच भीती. नऊ वर्षं ओठ हलवले. मग आई गेली. आता त्यांना दारू सोडून सहा वर्षं झाली आहेत, आणि पाचवं शील म्हणताना अजूनही घशात काहीतरी येतं, पण आवाज निघतो.

मी मोझरीच्या पंचक्रोशीत वाढलो. राष्ट्रसंतांची खंजिरी वडिलांच्या पिढीने प्रत्यक्ष ऐकलेली; आमच्या गावात सामुदायिक प्रार्थना चुकत नसे, आणि दारूने घर कसं बुडतं ते मी भजनातूनच शिकलो. शेजारचा वर्धा जिल्हा गांधींचा म्हणून कधीचाच कोरडा. गडचिरोलीत बायाबापड्यांनी लढून १९९३ मध्ये बंदी आणली. चंद्रपुरात २०१५ला लागली, २०२१ला उठली. दारू वाईट हे आम्हा वैदर्भीयांना कुणी सांगायची गरज नाही, आणि या लढ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्याला लागलीच आहे, आणि ज्याच्या घरात लागली आहे, त्याने संध्याकाळी कुठे जाऊन बसायचं? हे मला कुठल्या भजनाने सांगितलं नव्हतं. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं हे वाचून माहीत होतं. वाचताना ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी आहे असं वाटायचं.

चहाच्या वेळी त्या खर्जातल्या आवाजाच्या माणसाने मला हे सगळं सुरू कसं झालं ते सांगितलं, आणि तेव्हापासून ती गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. १९३५ चा मे महिना. अमेरिकेतलं अ‍ॅक्रन नावाचं गाव. शेअरबाजारातला एक माणूस धंद्याच्या कामाने तिथे आलेला, पिणं सोडून जेमतेम पाच महिने झालेले. सौदा फिसकटला. परक्या गावात, हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा. एका बाजूला बार, तिथून हसण्याखिदळण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चची यादी. आता आपण पिणार, हे त्याला कळलं होतं. तो टेलिफोनकडे गेला आणि एकामागून एक नंबर फिरवत राहिला, मला या गावातला एखादा दारुडा भेटवून द्या म्हणून. उपदेश करायला नाही. तसल्याच माणसाशी बोललो तर मी आज वाचेन, म्हणून. त्या फोनांतून त्याची एका सर्जनशी गाठ पडली, ज्याचे ऑपरेशनच्या आधी हात थरथरायचे. पंधरा मिनिटं बसतो म्हणालेला तो सर्जन काही तास बसला. १० जून १९३५ ला त्याने शेवटचा घोट घेतला, आणि हीच या संघटनेची जन्मतारीख. म्हणजे पहिली मीटिंगसुद्धा कुणालातरी पत्ता विचारतच झाली होती. फरक इतकाच की त्या माणसाने फोनवर परक्यांना आपण कोण ते पहिल्याच वाक्यात सांगितलं.

घरच्यांचा गट वेगळा असतो, अल-अ‍ॅनॉन. तोही अमेरिकेतूनच आला, १९५१ मध्ये, त्याच शेअरबाजारवाल्या माणसाच्या बायकोच्या पुढाकाराने. आमच्याकडे तो शेजारच्या वर्गात भरतो. मी गेलो तेव्हा नऊ बायका आणि मी. एक बाई, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणाली की तीन गोष्टी पाठ व्हायला मला चार वर्षं लागली: त्याची दारू मी लावली नाही, मी आवरू शकत नाही, मी बरी करू शकत नाही. पहिलं ऐकून मला रडू आलं. दुसरं आणि तिसरं ऐकून राग आला. बाप असून मी काहीच करू शकत नाही तर मग बाप कशाला? माझी पाळी आली तेव्हा मी फोनचं सांगितलं, मेहुण्याचं सांगितलं. कुणी हसलं नाही. एकीने फक्त विचारलं, "तो फोन तुम्ही कुणासाठी घेत होता, भाऊ?" त्याची नोकरी जाऊ नये म्हणून, मी म्हणालो. ते खरं होतं. आणि घरी येताना कस्तुरचंद पार्कपाशी सिग्नलला थांबलो असताना कळलं की अर्धंच खरं होतं. आमच्याकडे असं काही नाही, हे कुणाला तरी रोज सांगायची मला गरज होती. पिणारा तो होता. लपवायची सवय मला लागली होती, आणि चौकीदारासमोर तीच बोलली.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी चपला घालत असताना मुलगा दारात येऊन उभा राहिला. "तिथे काय काय विचारतात?" "काहीच नाही विचारत. नावसुद्धा नाही." "मग करतात काय?" "बसतात." तो माझ्या मागे स्कूटरवर बसला. लहानपणी शाळेत सोडायचो तसा माझ्या खांद्यावर हात ठेवून. वजन तेवढं बदललेलं. फाटकापाशी चौकीदाराने पाय आखडून वाट मोकळी केली. मुलगा वर गेल्यावर मी माठातलं पाणी प्यायलो आणि त्याला म्हणालो, "त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो होतो." तो म्हणाला, "मालूम आहे ना, काकाजी. पयल्या दिवशी कोनी खरं सांगते का? एक जन तं बिजलीचं बिल भराले आलो म्हने, रविवारी."

मुलगा ५८ दिवस राहिला. रोजचा हिशोब रोज, आजच्या दिवसापुरतं नाही म्हणायचं, एवढंच तो शिकून आला होता. रात्री जेवणानंतर गच्चीवर जाऊन तिथल्या कुणाशी तरी फोनवर बोलायचा. स्टँड एकदाच वाजायचं. नात खडू घेऊन पुढच्या खोलीत बसायला लागली होती. मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते; मी दरवर्षीसारखा गर्दीत जाऊन उभा राहिलो आणि काळी-पिवळी समोरून जाताना लोक ओरडत होते, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! मीही ओरडलो. आमच्या घरातली घेऊन जा. अगदी घसा फाटेपर्यंत. रात्री साडेदहाला अंगणात स्टँड घासलं. निसटलं. परत घासलं.

त्या रात्री मी चादर घेऊन बाहेर गेलो, सोफ्यापाशी उभा राहिलो आणि घातली. पोर गारठू नये हे चूक नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. ती बाई काहीही म्हणो.

सकाळी सव्वानऊला माझा मोबाइल वाजला. सुपरवायझर. ही ओट्यापाशी चहा गाळत होती, तिने गाळणी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. जिभेवर आलेलं होतं, व्हायरल. मी मोबाइल घेऊन त्याच्या खोलीत गेलो. तो जागा होता, छताकडे बघत. वाजता मोबाइल त्याच्या हाताशी ठेवला. "तुझा फोन आहे," म्हणालो, आणि दार लोटून स्वयंपाकघरात आलो. आणखी तीन वेळा वाजला. मग थांबला. मग त्याचा आवाज आला, बसलेला, "हॅलो... सर..."

पुढचं ऐकू येऊ नये म्हणून मी नळ सोडला.